फाटकापाशी एकच गुच्छ

समोरच्या फाटकाला आज एकच गुच्छ टेकवलेला आहे, आणि तो मी ठेवलेला आहे.

या इंग्रजी गावात मी मुलीकडे राहायला आले, तेव्हा समोरचे म्हातारे गृहस्थ टीव्हीवरच्या एका मालिकेत पबचे मालक होते. वीसेक वर्षं तेच काम. सगळं गाव त्यांना मालिकेतल्या नावानेच हाक मारायचं, मीसुद्धा. मग मालिकेतला तो पबमालक मेला आणि लोकांनी याच फाटकाशी फुलांचा ढीग घातला. त्यातलाच एक गुच्छ घेऊन ते आमच्या दारात आले.

"घरात ठेवायला जागा उरली नाही," ते म्हणाले. "तुम्ही घ्या."

मी हसून घेतला. पण मेलेल्या माणसाची फुलं घरात कशी न्यायची, म्हणून बाहेर पायरीवरच ठेवला. तिथेच तो सुकला. येता-जाता त्यांना तो दिसत असणारच. धडधाकट माणूस दारात उभा होता, आणि मी सुतक पाळत बसले मालिकेतल्या माणसाचं.

पुढे त्यांना कुठे काम मिळालं नाही. परवा ते गेले. आज गुच्छासोबतच्या कार्डावर नाव लिहायला बसले, तर पबमालकाचंच नाव आठवलं. कार्ड कोरंच ठेवून आले.