हाडांच्या डॉक्टरांचे निदान

डेट्रॉइटच्या परिसरातल्या मराठी घरांत ऐंशीच्या दशकात डॉक्टरची अपॉइंटमेंट घेणे हा कमीपणा मानला जाई. आपल्यात इतके डॉक्टर असताना परक्याकडे कशाला जायचे? म्हणून आजार समारंभाला न्यायचे आणि जेवता जेवता दाखवायचे.

माझ्या शेजारणीने तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला तसेच संक्रांतीच्या जेवणाला नोव्हाय या उपनगरात आणले. यजमान काका हाडांचे डॉक्टर. शाळेत पसरलेला विषाणूचा ताप मुलीला काही आठवड्यांपूर्वी येऊन गेला होता. आता ती वाळत चालली होती आणि अंथरूण ओले करत होती.

"वाढीचं वय आहे, वहिनी," ताटावरची नजर न उचलता काकांनी निदान केले. "संध्याकाळनंतर पाणी बंद करा."

मुलगी तेव्हा चौथा ग्लास भरत होती. मी पाहिले तशी तडकली, "आय अ‍ॅम जस्ट थर्स्टी, ओके?"

त्या वर्षी मी प्रयोगशाळेत विषाणूची लागण केलेले उंदीर अभ्यासत होते. काहींमध्ये विषाणू ओसरल्यावरही शरीराची संरक्षक फौज थांबत नसे. ती इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच पेशींवर तुटून पडे. असा मधुमेह झालेला उंदीर ओळखायला यंत्र लागत नसे. त्याच्या पिंजऱ्यातला भुसा चिंब भिजलेला असे.

"काका, हिची साखर आत्ताच तपासायला हवी."

"आली आमची उंदरांची डॉक्टर! अगं, हिला शेपूट दिसतंय का तुला?"

पंगतीतले पाचसहा इंजिनिअर मनापासून हसले. मी मुलीला कोट चढवला आणि मायलेकींना गाडीत बसवले. इस्पितळात तिला थेट अतिदक्षता विभागात नेले.

तिसऱ्या दिवशी काका फुले घेऊन आले. मुलगी उठून बसली होती. तिची आई संत्र्यावर इंजेक्शन टोचण्याचा सराव करत होती.

"गोड फार खाऊ घातलंत, वहिनी. मला शंका होतीच."

आईने सुई संत्र्यातून बाहेर काढली. "माझ्यामुळे झालं?" तिने मला विचारले.

"नाही. गोडाने हा आजार होत नाही. बहुधा त्या तापानंतर सुरू झालं असावं. पण ते सिद्ध करता येणार नाही."

"बघा! हिलाही नक्की माहीत नाही," काका म्हणाले.

"तिला माहीत नाही हे तिला कळतं तरी, भावजी," मुलीची आई म्हणाली. मग संत्रे बाजूला ठेवून तिने नर्सला हाक मारली: आजचे खरे इंजेक्शन ती स्वतः देणार होती.