हात मागे

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिरलं की मुलांचे हात आपोआप पाठीमागे जातात. धड चालणारा मायक्रोस्कोप एकच. तो बिघडला तर दुसरा कोण देणार? म्हणून 'हात मागे' हा नियम माझ्या आधीपासूनचा, आणि मीही तो इमानेइतबारे चालवते.

अभ्यासक्रमात मात्र फ्लो सायटोमेट्री आली. पेशी एकामागून एक लेझरसमोरून सोडायच्या आणि उजेड कसा विखुरतो त्यावरून त्या ओळखायच्या. असं यंत्र आमच्या वाशीम जिल्ह्यात मी तरी पाहिलेलं नाही. मग मी सलाईनच्या नळीतून पाण्याबरोबर मोहरी सोडली, नळीवर लेझर टॉर्च धरला आणि म्हटलं, समजा ही पेशी. समजा! आमचं निम्मं विज्ञान या एका शब्दावर उभं आहे.

मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरची एक मुलगी त्या मोहरीतूनही सगळं शिकली. पुस्तकातल्या आलेखावरचे ठिपके बघून कुठल्या पेशी कुठे, हे ती माझ्याआधी सांगायची. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत जागा निघाली. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, म्हणून सोबत मी गेले. ही नोकरी लागली नाही तर पुढच्या हंगामात तीही त्यांच्याबरोबर फडात जाणार, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मुलाखत काचेच्या पलीकडे. ती धडाधड उत्तरं देताना दिसत होती, समोरच्या बाई खुशीत मान डोलावत होत्या. मग त्यांनी नमुन्याची नळी टेबलावर ठेवली आणि यंत्राकडे बोट दाखवलं.

पोरीचे हात पाठीमागे गेले.

बाईंनी पुन्हा खूण केली. ही वाकून यंत्र निरखतेय, पण मागे बोटांत बोटं घट्ट. "अगं, लाव ना हात!" मी बाहेरून ओरडले. आत काही ऐकू गेलं नाही. थोड्या वेळाने बाईंनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

"मॅडम, मले सारं येत होतं," बाहेर येऊन ती म्हणाली. "मले वाटलं, त्याच करून दाखवतीन. मंग समजलं, पन हातच पुढं येऊन नाई राह्यले."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी झोपली. मला मात्र सारखं रडू येत होतं, आणि राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

सोमवारी नवी बॅच आली. मायक्रोस्कोपभोवती गोल करून उभी राहिली, सगळ्यांचे हात मागे. 'लावा रे हात,' म्हणायला मी तोंड उघडलं. मग त्या एकुलत्या एका मायक्रोस्कोपकडे पाहिलं आणि गप्प बसले.