दुसऱ्या चंद्राचा फोटो

उडणाऱ्या वस्तूंचे फोटो काढायचा मला तरुणपणी नाद होता. नादाला यश लागत नाही, हे एक बरं असतं. आमच्या मानवत गावावरून एकदा विमान गेलं, त्याचा मी फोटो काढला. त्यात शेजारच्या लिंबाची एक फांदी आली आणि बाकी रिकामं आभाळ. विमान कुठं आहे असं कुणी विचारलं की मी एका ठिपक्यावर बोट ठेवत असे. तो ठिपका कागदावरचा डाग होता, पण हे विचारणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मी तेव्हा मानवतच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. माझा कॅमेरा म्हणजे काळा चौकोनी डबा. पोरं त्याला डबाच म्हणत. त्याच्या बाजूला एक खुंटी होती. ती दाबून धरली की धराल तितका वेळ आतला पडदा उघडा राही. अशानं अंधारातल्या आभाळाचाही फोटो निघतो, असं कॅमेऱ्याबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. ते लिहिणारा कधी मानवतला आलेला नसावा.

आमचे हेडमास्तर जुन्या राज्यात उर्दूतून शिकलेले. पोलीस ॲक्शनच्या आधी ते सदर मुदर्रिस होते, नंतर मुख्याध्यापक झाले. खुर्ची तीच, छडी तीच, पाटी तेवढी बदलली. तीस वर्षं ते भूगोल शिकवत होते. फळ्यावर पृथ्वी काढायचे ती अशी गोल की परकारानं शरमावं. पण आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि डॉक्टर म्हणत होते की पिकल्याशिवाय काढता येत नाही. हेडमास्तर वैतागून म्हणत, "तूर पिकली, कापूस फुटला, ह्येच मेलं पिकंना!" वाचायचं झालं तर ते कागद नाकाला लावत आणि मधे भिंग धरत. चार हातांपलीकडचं सगळं जग त्यांना ताकासारखं दिसे.

अशात रशियानं आभाळात कृत्रिम चंद्र सोडला. पाठोपाठ दुसरा सोडला, त्यात कुत्रं बसवलं. पेपरात आलं की हा चंद्र नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि काही महिन्यांत तो खाली येऊन जळून जाईल. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं.

"मास्तर, तीस साल मी पोरांना सांगायलोय की पृथ्वीला चंद्र एक. आता तीन म्हणायचं तर म्हणतो, पण बघितल्याबिगर म्हणणार न्हाई. माझे डोळे पिकंस्तवर त्यो जळून जातोय. तुमच्या डब्यात धरून आना त्याला. कागदावर आला की भिंगानं बघतो."

मी छाती काढून हो म्हणालो. लिंबाच्या फांदीची गोष्ट काही काढली नाही.

पहिले दोन दिवस वाया गेले, आणि ते कसे गेले हे सांगायची मला आजही लाज वाटते. आमच्याकडे पेपर हैदराबादेहून दुसऱ्या दिवशी यायचा. 'आज सायंकाळी चंद्र दिसेल' असं वाचून मी दोन संध्याकाळी मान मोडेस्तोवर वर बघत बसलो. पेपरातलं 'आज' म्हणजे आपलं काल, हे विज्ञानाच्या मास्तराला तिसऱ्या दिवशी उमगलं. मग मी एका अडत दुकानातल्या रेडिओशी सलगी केली. रेडिओ म्हणाला, उद्या दिवस मावळल्यावर अर्ध्या तासानं, वायव्येकडून आग्नेयेकडे. मी ते लिहून घेतलं. लिहून घेताना दुकानात कापसाच्या गाड्या घेऊन आलेले वीस-पंचवीस शेतकरी बसले होते, ही माझी चूक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या माळवदावर मी सरकीचं पोतं ठेवलं आणि त्यात कॅमेरा तिरका रुतवला. खाली बघतो तर पटांगणात बाजार भरलेला. गाड्या सोडून माणसं आलेली, बाया कडेवर लेकरं घेऊन आलेल्या. हेडमास्तर टोपी घालून, काठीवर दोन्ही हात ठेवून, तोंड वर करून मधोमध उभे होते. एकजण विचारत होता, "वर कुत्रं भुंकलं तर ऐकू येईल का हो?" दुसरा म्हणाला, "गप बस, मग येईल."

तेवढ्यात एक वेगळाच वाद उभा राहिला. आमच्याकडे बीजेचा चंद्र दिसला की अंगावरच्या कपड्याची दशी काढून त्याला वाहतात, जुनं घे आणि नवं दे म्हणतात. आता या चंद्राला दशी वाहायची की नाही?

"चंद्र हाय ना? मग वाहायचीच."

"अरे पण त्यो रशियाचा हाय. आपला रुसंल की!"

"आपल्या चंद्राला बीजेला देऊ. ह्यो पाव्हना हाय, ह्याला मोकळ्या हातानं कसं वाटंला लावायचं?"

पाहुण्याचा मुद्दा सगळ्यांना पटला. धोतरं, लुगडी, मुंडाशी, जो तो दोरे उपसू लागला. सात-आठ जण तर दशी चंद्राच्या जवळून वाहावी म्हणून शिडीनं माळवदावर चढले. मी ओरडत होतो, पण माझं ऐकतो कोण? माळवद काही माझ्या बापाचं नव्हतं.

आणि खालून आरोळी उठली, "त्यो बघा, त्यो बघा!"

मी पोत्यावर पालथा पडलो, खुंटी दाबली आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन. साठपर्यंत मोजायचं होतं. खुंटी जरा हलली तरी फोटो बिघडतो, म्हणून माझी नजर खुंटीवर खिळलेली. वीसपर्यंत आलो असेन, तोच सगळं माळवद लख्ख उजळलं. वरातीत डोक्यावर गॅसबत्ती धरणारा आमचा बत्तीवाला पेटलेली बत्ती घेऊन शिडीनं वर आला होता, आणि ती दोन्ही हातांनी उंच, थेट आभाळाकडे धरून उभा होता.

"अरे विझव ती! विझव!"

"मास्तर, बिगरउजेडाचा फोटू येत असतोय व्हय? परभणीचा फोटूवाला दर लग्नात माझ्यावर वराडतो, बत्ती वर धर म्हनून. तुमी मोजा, मी धरतो."

गॅसबत्ती फुंकर मारून विझत नाही. मी त्याला शिव्या देत होतो, एका हातानं खुंटी दाबत होतो आणि शिव्यांच्या मधे आकडेही म्हणत होतो. सत्तेचाळीसनंतर मी एकोणपन्नास म्हणालो हे मला आठवतं. शेवटी त्यानं नाराज होऊन बत्ती पाठीमागं नेली. साठ झाले. खाली माणसं टाळ्या वाजवत होती.

पुढच्या रविवारी मी आगगाडीनं परभणीला गेलो आणि एका फोटोवाल्याकडून रोल धुऊन घेतला. आधी कधीतरी काढलेल्या सात फोटोंत नेहमीप्रमाणं काही नव्हतं. आठव्यात खालच्या कडेला दोन मुंडाशी होती आणि वर काळ्या आभाळात एक पांढरी, बारीक, स्वच्छ रेघ. मला हुंदकाच आला. फोटोवाल्याला वाटलं मी पैसे बुडवतोय.

सोमवारी फोटो शाळेत फिरला. पोरांनी चंद्र ओळखला. कापसाच्या गाडीवाल्यांनी ओळखला. एका बाईनं त्याला हळदकुंकू लावायला बोट पुढं केलं तेव्हा मी हिसकावून घेतला आणि हेडमास्तरांच्या खोलीत शिरलो.

त्यांनी फोटो नाकाला लावला. भिंग धरलं. रेघेवरून भिंग हळूहळू सरकत गेलं, टोकाशी थांबलं, परत आलं. मी शाबासकीची वाट बघत उभा होतो.

"मास्तर," ते म्हणाले, "मी हजारदा फळ्यावर कक्षा काढली असंल. कक्षेचं टोक असं पिळा घालून वळत न्हाई. आन ह्ये बघा, इथं सुताची बारीक कूस निघालीय. ही कुनाच्या तरी धोतराची दशी हाय."

मी भिंग घेतलं. दशीच होती. गॅसबत्तीच्या उजेडात कॅमेऱ्यासमोरून तरंगत गेलेली. गावातल्या शेकडो धड डोळ्यांना जे दिसलं नव्हतं, ते मोतीबिंदूच्या माणसाला दिसलं. मला फार वाईट वाटलं. डागाला विमान म्हणणारा माणूस मी, पण या वेळी खोटं बोललो नव्हतो आणि तरी तोंडघशी पडलो होतो. त्याहून वाईट म्हणजे त्या म्हाताऱ्याचा हिरमोड मला बघवेना.

"जाऊ द्या हो," तेच मला म्हणाले. "फोटू न्हाई तर न्हाई. तुमी बघितला ना? तुमी सायन्सचे मानूस, तुमचं सांगनं मी धरतो. बसा. कसा होता? पांढरा का पिवळा? लुकलुकत होता का?"

मी बसलो. सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठं ध्यानात आलं. आरोळी उठल्यापासून टाळ्या वाजेपर्यंत मी एकदाही आभाळाकडे मान वर केली नव्हती. सगळ्या गावानं चंद्र पाहिला होता. मी खुंटी पाहिली होती.

थाप मारणं सोपं होतं, चार पोरांकडून ऐकलेलंच सांगायचं. पण त्या भिंगापुढं धीर झाला नाही. मी खरं सांगितलं. हेडमास्तर इतके हसले की चष्मा काढून उपरण्यानं डोळे पुसावे लागले.

"म्हंजे अख्ख्या मानवतात आपन दोघंच आंधळे! मग नीट बघितला कुनी?"

मी नाइलाजानं बत्तीवाल्याचं नाव घेतलं. बत्ती आभाळाकडे धरून तो अथपासून इतिपर्यंत वरच बघत होता. शिपायानं त्याला बोलावून आणलं. मास्तर मारणार या भीतीनं तो दारातच उभा राहिला. हेडमास्तरांनी त्याला आत घेतलं, आपल्या समोर उभं केलं आणि त्याचं मनगट धरलं.

"सांग. हातानं दाखव."

"साहेब, सेलूच्या अंगाला उगवला. पिवळसर. हितून असा निघाला, घाई न्हाई, गडबड न्हाई. मधीच बारीक व्हायचा, मधीच मोठा व्हायचा. असा डोक्यावरून गेला, आन गंगाखेडाकडं उतरता उतरता एकाएकी नाहीसाच झाला."

त्याचा हात भिंतीपासून छतापर्यंत आणि छतापासून खिडकीपर्यंत गेला, आणि मनगट धरलेला हेडमास्तरांचा हात त्याच्याबरोबर गेला. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"आता परत," ते म्हणाले. "हळू."

त्यानं पुन्हा हात उचलला आणि माझ्याकडे बघून थबकला.

"मास्तर, तुमी कशाला डोळे मिटायलाव? तुमी तर तिथंच व्हता की!"