पट्टीमावशीच्या डावीकडची बाई

डोळ्यांच्या दवाखान्यात मुलांच्या खोलीत ती सत्तावीस वर्षं काम करत होती. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांची शस्त्रक्रिया डॉक्टरीणबाई करायच्या. त्यानंतरची वर्षानुवर्षांची चिकाटी हिच्याकडे. जाड भिंगांचे चष्मे बसवायचे, चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवून आळशी डोळ्याला कामाला जुंपायचं, आणि पोर रडलं की पाघळणाऱ्या आयांना झापायचं. सगळे तिला पट्टीमावशी म्हणत. हात पट्टीचा होताच, जीभही पट्टीची होती.

तिचा स्वतःचा डावा डोळा दिसायला धड, पण कामाचा नव्हता. लहानपणी त्यातला मोतीबिंदू काढला तेव्हाच उशीर झाला होता, आणि नंतरची पट्टी तिच्या आईने दया येऊन काढून टाकली होती. अजूनही डावीकडून कुणी आलं की ती दचकायची.

चिमणी नावाच्या पोरीला मात्र वेळेवर दवाखान्यात आणलं होतं. दुसऱ्या महिन्यातच दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता ती सहा वर्षांची, अखंड बडबडणारी. पण यंदा तिच्या आईने तपासणीच्या दोन फेऱ्या चुकवल्या होत्या. "छान दिसतंय हो तिला," आई म्हणाली, "म्हटलं, उगाच कशाला शाळा बुडवा."

भर दुपार होती, तरी तपासणीसाठी मोठे दिवे मालवून खोलीत अंधार केलेला. मावशीच्या मागे, डाव्या खांद्याजवळ तेवढा एक छोटा दिवा. चिमणी अक्षरं वाचेना. ती मावशीच्या खांद्यावरून टक लावून बघत होती.

"मावशी, ती बाई कोण गं?"

"कुठली बाई?"

"तुझ्यामागे उभी आहे ती."

मावशीने मान वळवली. कुणी नव्हतं.

"तिला तोंड नाहीये," चिमणी अगदी सहज म्हणाली. "नुसतं गोल डोकं. काठाला लाल, निळं. घरी पण येते."

आई रडवेली झाली. "महिनाभर हेच चाललंय, मावशी. सकाळी उठते आणि म्हणते, घरात धूर झालाय. सासूबाई म्हणतात, पोरीला बाहेरचं काहीतरी लागलंय."

जन्मभर ज्या बाजूचं मावशीला काही दिसलं नव्हतं, नेमकं तिथे हे पोर बोट दाखवत होतं. डाव्या कानाशी कुणाचा तरी श्वास लागतोय असं तिला वाटलं. उठून पळावं, असंही वाटलं. पण चिमणीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती रडत तर नव्हती.

मावशीने हात मागे नेला, चाचपडत बटण दाबलं. दिवा विझला. गुडूप अंधार.

"आहे का गं ती?"

"नाही. गेली."

त्या अंधारात तिघींचे श्वास तेवढे ऐकू येत होते. मावशीने ते पुन्हा एकदा मोजले. तिघींचेच. मग दिवा लावला.

"आली!" चिमणी म्हणाली.

मावशीने तिला कडेवर उचललं आणि रांग मोडून थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी नेलं. "बाई, हिला दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय. सकाळी धूर. आधी दाब बघा."

दोन्ही डोळ्यांतला दाब दुपटीच्या वर गेलेला होता. काचबिंदू. "लहानपणी मोतीबिंदू काढलेल्या मुलांना हा कितीतरी वर्षांनीही गाठतो," डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या. "म्हणून तर फेरी चुकवायची नाही. जन्मभर."

त्याच दिवशी थेंब सुरू झाले, पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया. उजव्या डोळ्याच्या कडेची नजर गेली होती, ती परत आली नाही. बाकीची वाचली. रंगीत काठाची बाई पंधरा दिवसांत यायची थांबली.

आई बाकावर मान खाली घालून बसली होती. "झापा ना मला, मावशी."

"नको," मावशी तिच्या शेजारी बसत म्हणाली. "माझी आईही मायाळूच होती." आणि मग तिने आपल्या डोळ्याची गोष्ट पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली.

त्यानंतर ती प्रत्येक मुलाला विचारू लागली, "दिवा कसा दिसतो रे? त्याच्याभोवती काही आहे?" आणि तिने खुर्ची सरकवून डावी बाजू भिंतीला चिकटवून घेतली.

"हे काय नवीन?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"इकडून वारा लागतो," ती म्हणाली.

त्या खोलीला खिडकी नव्हती.