पाण्याआधीच पोहणारे

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात, ते कॉड माशाला तंतोतंत लागू. नराच्या वीर्यात शुक्राणू निपचित पडलेले असतात. समुद्राचं पाणी लागलं की उधळतात आणि मिनिटाभरात दमतात. त्या एका मिनिटावर दूर उत्तरेच्या फिनमार्क किनाऱ्यावरच्या मत्स्यकेंद्रात गुनवोरने तीस वर्षं पोट भरलं. थेंब, पाणी, सूक्ष्मदर्शकाला डोळा. तिच्याइतका चपळ हात अख्ख्या किनाऱ्यावर नव्हता. बाई चालायची धावत, जेवायची उभ्याने. स्वतःच्या लग्नात म्हणे पाद्र्याचं वाक्य संपायच्या आत ‘हो’ म्हणून मोकळी झाली होती.

त्या वर्षी केंद्रात कॉडच्या जागी स्टाइनबिट नावाचा मासा आला. अंगभर ठिपके, आणि जबडा असा की बोट घातलं तर बोट गेलं. अख्ख्या हंगामात एकच मादी पिकली. तिची वाटाण्याएवढ्या अंड्यांची गाभोळी टोपात काढून ठेवली होती. दिवसभरात फळली नाही तर वर्ष वाया. नराने दिलं जेमतेम चमचाभर वीर्य. केंद्रप्रमुख एइलर्टने थेंबावर पाणी सोडून पाहिलं. काहीच हलेना. दुसऱ्या थेंबाचीही तीच गत. नर कुचकामाचा, असं म्हणून तो दुसऱ्या नरासाठी फोन करायला निघाला.

गुनवोरला पटेना. तिने तिसरा थेंब काचेवर घेतला आणि घाईघाईत पाणी घालायच्या आधीच डोळा लावला. सगळे पळत होते! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मग तिने कडेने पाण्याचा थेंब सोडला. पाणी पोचलं तिथवर सगळे थिजले.

“एइलर्ट, ठेव तो फोन. पाणीच मारतंय त्यांना.”

“अगं, समुद्रातला मासा समुद्राच्या पाण्याने मरेल?”

“हा मादीच्या पोटातच उरकत असणार सगळं. तू बघ तरी.”

त्याने पाहिलं, आणि बराच वेळ डोळा उचललाच नाही.

वीर्य गाभोळीवर कोरडंच ओतलं. आता थांबायचं होतं, आणि तेच गुनवोरला आयुष्यात जमलं नव्हतं. समुद्राच्या पाण्याची बादली तिने खोलीबाहेर ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. तासाभराने एइलर्टने विचारलं, घालूया पाणी? थांब, ती म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द ऐकून त्याला हसू फुटलं. चार तासांनी तिने स्वतःच बादली आत आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एक अंडं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. मधोमध रेघ, आतल्या एका पेशीच्या दोन झाल्या होत्या. दुसऱ्यालाही रेघ. दहाव्यालाही. किती फळली गं, किती, म्हणून एइलर्ट मागे नाचत होता. गुनवोरला सांगायची घाई नव्हती. ती अकरावं बघत होती.