दगा म्हणजे बारीक मासळी

सांगलीच्या पोस्टातून निवृत्त झाले आणि सहा महिन्यांतच माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने कॉटवर काढावे लागले. दिवसभर हातात फोन. एका दुपारी त्यावर एक बाई दिसली. कुठल्याशा बाजारात शेगडीपुढे बसून ती गिऱ्हाइकांशी बोलत होती, आणि तिच्या बोलण्यातले दोन शब्द मला कळले, चाय आणि चपाती. बाकी काही कळलं नाही, पण बोलणं गोड वाटलं. मी शोध घेतला, ती पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली भाषा निघाली.

भाषांचं मला लहानपणापासून वेड. वडील शिक्षक होते. त्यांची बदली जतला होती तेव्हा शेजारच्या धनगराच्या मुलींबरोबर खेळता खेळता मला कन्नड यायला लागलं. पुढं आम्ही आष्ट्याला परतलो, कन्नड सुटलं, पण परकं बोलणं अचानक कळू लागतं तेव्हा जे वाटतं ते मी विसरले नव्हते. कॉटवर पडल्या पडल्या ते पुन्हा सुरू झालं. वही केली. किताबू म्हणजे पुस्तक, विताबू म्हणजे पुस्तकं. हिशेबाला हेसाबू, साबणाला साबुनी. घड्याळही त्यांचं वेगळं. दिवस उगवल्यावर मोजायला लागायचं, म्हणजे आपले सकाळचे सात वाजले की त्यांचा एक. संध्याकाळी सहाला त्यांचे बारा भरतात. आमच्या जैनाच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळं मला हे घड्याळ आपल्या सोयीचं वाटलं. मध्येच झुलू भाषेचाही नाद केला. तिच्यात काही अक्षरं जीभ दातांमागं टेकवून काढायची असतात, आपण हळहळताना च्च करतो तशी. नवरा म्हणाला, "पाल चुकचुकतीय का काय घरात?" मग झुलू सोडली.

हे सगळं मी फक्त एका बाईला सांगायचे. ती माझी मैत्रीण. आष्ट्यात आमची घरं एका गल्लीत. वर्षाच्या अंतरानं लग्नं होऊन दोघी सांगलीत आलो आणि पुढं एकाच इमारतीत फ्लॅट घेतले. मी तिसऱ्या मजल्यावर, ती दुसऱ्या. चार वाजता ती चहाला वर यायची, माझी वही उघडून म्हणायची, "वाच बघू, आज काय शिकलीस." तिला त्यातलं काही नको होतं हे मला माहीत होतं. तरी ऐकायची. तेवढ्यासाठी मला ती माझ्या सख्ख्या बहिणीहून जवळची वाटे.

मी काठी सोडून चालायला लागले त्याच सुमाराला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट दोन बहिणींनी भाड्यानं घेतला. टांझानियाच्या, मोठ्या तळ्याकाठच्या म्वान्झा गावच्या. दोघी फार्मसी शिकायला आलेल्या. जिन्यात थोरली समोर आली तेव्हा मी धीर करून म्हणाले, "हबारी झा असुबुही?" सकाळची खबर काय, असं त्यांचं विचारणं. ती पायरीवरच थांबली. हातातली पिशवी खाली ठेवली आणि मान लववून म्हणाली, "शिकामोओ." आपले पाय धरते, असा त्याचा मूळ अर्थ. वडीलधाऱ्यांना म्हणतात. त्यावर मरहबा म्हणायचं असतं हे मला पाठ होतं, पण ऐन वेळी मी मराठीतच सुखी राहा म्हणाले. माझे डोळे भरून आले होते.

त्यानंतर वर्षभर आमची शिकवणी चालली. मी त्यांना मराठी शिकवायचे, त्या मला स्वाहिली. रविवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसायचो. त्या मला मावशी म्हणायच्या. थोरली माझ्या चुका हसत नीट करायची. धाकटी लाजरी, तिला थालीपीठ आवडायचं.

एकदा मी गच्चीवर पापड वाळत घातले होते. पाण्याच्या टाकीपलीकडं थोरली फोनवर आईशी बोलत होती. मी ऐकायला गेले नव्हते, पण कानावर पडलं आणि पहिल्यांदाच एक अख्खं बोलणं मला शब्दन् शब्द कळलं. धाकटीला ताप आला होता, चार दिवस ती काही खात नव्हती. आईनं कुणाबरोबर तरी दगा पाठवला होता. दगा म्हणजे त्यांच्या तळ्यातली बारीक वाळकी मासळी. इमारतीतली निम्मी माणसं एका लग्नाला गेली होती, तेव्हा सगळ्या खिडक्या उघडून थोरलीनं मूठभर मासळी टोमॅटोत शिजवली, आणि धाकटी पोटभर जेवली. आमच्या इमारतीत मांस-मासळी शिजवायची नाही असं भाडेकरारातच लिहिलेलं असतं. मी जन्मात मासळी शिजताना पाहिलेली नाही. ऐकून मला चरकल्यासारखं झालं, हे कबूल करते. पण त्याहून जास्त झाला तो आनंद. मला कळलं. सगळं कळलं.

चार वाजता मैत्रीण आली आणि मी तिला ते सांगून बसले. कुणाची चहाडी करायची म्हणून नव्हे. आपल्याकडं दगा म्हणजे काय आणि त्यांच्याकडं काय, याची मला गंमत वाटली होती, आणि आपल्याला आता किती कळतं हे कुणाला तरी दाखवायचं होतं. सांगून झाल्यावर मी म्हणाले, "हे तुझ्या-माझ्यात राहू दे."

"मी कुणाला सांगतीय," ती म्हणाली. "ताप हुता ना पोरीला? मग झालं की." तिनं दुसरा कप चहा घेतला.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, खाली पार्किंगमध्ये सोसायटीची सभा भरली. पाण्याच्या टाकीचं काम निघालं होतं, म्हणून मी गेले. मुलींनाही बोलावलं होतं. अध्यक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरचे काका. त्यांनी चष्मा लावून एक कागद वाचायला घेतला. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी इमारतीचा नियम मोडून मासळी शिजवली, आणि ही गोष्ट त्यांची भाषा जाणणाऱ्या आपल्याच एका सभासद भगिनीनं स्वतःच्या कानांनी ऐकली आहे, असं त्यात होतं. पुढं माझं नाव आणि फ्लॅटचा नंबर. खाली सही मैत्रिणीची.

मी तिच्याकडं पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत समोरच्या स्कूटरकडं बघत होती.

थोरली उठली नाही, रडली नाही. सगळ्यांसमोर तिनं मला त्यांच्या भाषेत विचारलं, "नी वेवे उलियेसेमा?" सांगितलं ते तूच का? तिथं बसलेल्या तीस माणसांत हा प्रश्न फक्त मला आणि त्या दोघींना कळला. मला सारवासारव करता आली असती. पण त्या भाषेत माझ्याकडं सारवासारवीचे शब्द नव्हते. "न्दियो," मी म्हणाले. हो.

मग मराठीत पुष्कळ बोलले. पोरगी आजारी होती, एकदाच झालंय, समज देऊन सोडा. काका म्हणाले, "ताई, तुमच्या भावना कळतात आम्हाला. पण नियम म्हंजे नियम." महिनाअखेर फ्लॅट सोडायचा असं ठरलं.

संध्याकाळी मी खाली मैत्रिणीकडं गेले. ती तांदूळ निवडत होती.

"का केलंस?" मी विचारलं.

"मी खोटं काय लिवलं त्यात?"

"तुला म्हणाले होते ना, तुझ्या-माझ्यात राहू दे."

"तूच तर सांगितलंस की मला. मी काय टाकीमागं जाऊन ऐकत बसले न्हवते."

ते खरंच होतं आणि तिला ते माहीत होतं. ती पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागली. मी उभीच होते, बस म्हणाली नाही.

मुली जायच्या आदल्या दिवशी मी वर गेले. बरोबर थालीपीठं नेली होती. दार थोरलीनं उघडलं. माफी मागायला मी चार वाक्यं वहीत लिहून पाठ केली होती. त्यातलं पहिलं सुरू केलं तेवढ्यात ती मराठीत म्हणाली, "मावशी, आम्हाला सामान आवरायचं आहे." एकही चूक न करता. मी शिकवलेलं मराठी इतकं शुद्ध मी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. डबा तिनं घेतला आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी तो धुऊन माझ्या उंबऱ्याशी ठेवलेला होता.

फ्लॅट तीनेक आठवडे रिकामा राहिला. नंतर तिथं मैत्रिणीची धाकटी लेक आणि जावई राहायला आले. जावयाची साताऱ्याहून सांगलीला बदली व्हायची होती, हे तिला आधीपासून माहीत होतं. इतके दिवस चार वाजता माझ्या समोर बसून ती चहा घेत होती, त्यातलं एक अक्षर मला बोलली नव्हती. पेढे द्यायला ती स्वतः आली नाही, लेकीला पाठवलं. लेकीचा काय दोष, म्हणून मी पेढा घेतला. खाल्ला मात्र नाही, नवऱ्याच्या बशीत ठेवला.

याला आता दीड वर्ष झालं. मैत्रीण जिन्यात भेटते, बस्तीत देवदर्शनाला गेले की भेटते. गुडघा कसा हाय, विचारते. बरा आहे, मी सांगते. भांडण मी काढत नाही, कारण भांडले तर ती पुन्हा तेच म्हणेल, की तूच सांगितलंस. हे वाक्य मला तिच्या सहीपेक्षा जास्त लागतं. तिनं मला फसवलं यात शंका नाही. पण फसवायचं हत्यार मीच तिच्या हाती दिलं, आणि तेही कौतुक करून घ्यायला.

मध्ये काही महिने वही उघडली नाही. गेल्या दिवाळीपासून पुन्हा बसते. दुपारी फोनवर तिकडच्या बातम्या लावते, नवीन शब्द आला की लिहून घेते. बरंचसं कळतं. चार वाजले की चहा एकटीपुरता टाकते.