वेढ्यातले साळवे सर

साळवे सरांना साधं भांडण कधी दिसायचंच नाही. आमच्या हर्सूलच्या सोसायटीत टँकरच्या नळीवरून दोन शेजारी हमरीतुमरीवर आले, की सर बनियनवरच गॅलरीत येत आणि वरून शांतपणे निर्णय देत, "ही चकमक आहे. अजून युद्ध नाय." मग जरा थांबून, "तहाला लई जागा आहे." यावर ते दोघे मिळून सरांवर घसरत, आणि तह तिथेच होऊन जाई.

सरांनी जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं आणि घरात युद्धावरची पुस्तकं जमवली. लढाया, तह, फाळण्या, दंगली, स्थलांतरं. विषय जितका वाईट, तितकं पुस्तक जाड. मी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचो. वाळूजच्या कंपनीतून परतताना त्यांच्याकडे डोकावलो, तर बसायला खुर्ची मिळे, पाय ठेवायला जागा मात्र शोधावी लागे. त्यांच्या पत्नी सुनंदाकाकू मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सरांच्या लिखाणाची मुद्रितं त्याच तपासत, आणि चुकूनही कौतुक करत नसत.

शहर तेव्हा आमच्या बाजूला भराभर पसरत होतं. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांच्या इमारती झाल्या, नळाला पाणी मात्र वाढलं नाही. त्यात लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. घरोघरी निळे ड्रम आले. सरांच्या घरात ड्रमला जागाच नव्हती. काकू बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवत आणि ते संपलं की दुखरे गुडघे घेऊन शेजाऱ्यांकडे कळशीभर पाणी मागायला जात. मुख्याध्यापिकेला दारोदार मागणं फार लागत असे. हॉलमधली एक भिंत मोकळी करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सर म्हणत, "पाणी आज नाय तर उद्या येईल. ही पुस्तकं पुन्हा कोण छापणार?"

गंमत अशी, की सर त्याच सुमारास गडांच्या वेढ्यांवर पुस्तक लिहीत होते. एका संध्याकाळी काकूंनी मला हाक मारून बोलावलं, साक्षीदार म्हणून. हातात मुद्रितं, कानावर लाल पेन. त्यांनी सरांचंच वाक्य वर्गात वाचावं तसं वाचलं: "पाणी न साठवता वेढ्यात बसणारा किल्लेदार शूर नव्हे, बेजबाबदार म्हटला पाहिजे." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "हे ठेवायचं, का खोडायचं?"

सरांनी मान वळवून पुस्तकांनी भरलेल्या त्या भिंतीकडे पाहिलं. खोडलं असतं तर भिंत वाचली असती. पण खरं वाक्य खोडणं त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं.

"ठेव," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "ड्रम केवढा रुंद असतो हो?"

ही शरणागती नाय, सन्मानाची माघार आहे, हे त्यांनी सगळ्या सोसायटीला दारोदार जाऊन समजावलं. जाताना प्रत्येक दारात एकेक गठ्ठाही ठेवला. दंगली माझ्याकडे आल्या. तहांची पुस्तकं नळीवरून भांडणाऱ्या त्या दोघांना वाटून दिली. तरी सवय जाईना. ड्रमच्या झाकणावर पुन्हा पुस्तकं चढू लागली आणि एके दिवशी झाकण सरकून महायुद्धाचा जाडजूड खंड पाण्यात गेला. सरांच्या ओरडण्याने मी धावत गेलो. सर पुस्तक बाहेर काढून झटकणार, तोच काकू म्हणाल्या, "झटकू नका. आतच निथळू द्या." एक पुठ्ठा सरांच्या हातात, दुसरा काकूंच्या, शेवटचा थेंब पडेपर्यंत दोघं ड्रमवर वाकून उभी होती. त्या पाण्याने पुढे फरशी पुसली. सर म्हणाले, त्या युद्धाचा एवढा सदुपयोग आजवर कोणी केला नव्हता.

पुढे चांगले पाऊस झाले, नळालाही बऱ्यापैकी पाणी येऊ लागलं, आणि एका हिवाळ्यात सर गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर काकूंनी मला ड्रम गॅलरीत सरकवायला बोलावलं. शेजाऱ्यांनी परत आणलेली पुस्तकं त्यांनी त्या भिंतीशी आधीच रचायला घेतली होती. मी म्हणालो, पुन्हा टंचाई आली तर अडचण होईल.

काकूंनी हातातलं पुस्तक पदराने पुसलं. "पाणी आल्यावर भिंत परत मागतील, म्हणून मी भांडायला तयारच बसले होते," त्या म्हणाल्या. "त्यांनी मागितलीच नाही रे."